एकच पात्र भाव खाऊन जातं: घरच्या रोलप्लेइंग गेममधला वारंवार येणारा बिघाड

रोलप्लेइंग गेम म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन मिळून गोष्ट खेळायची, आणि काम जमलं की फसलं ते फाशांवर ठरवायचं. असा गेम घरी खेळत असाल तर लक्षणं ओळखीची वाटतील. शनिवारी रात्री जेवणं उरकली की सतरंजी पसरली जाते, वह्या-पेन्सिली निघतात, फासे निघतात. पहिला तासभर सगळे रंगलेले असतात. मग हळूहळू एकच जण सगळं करायला लागतो. दार तोच फोडतो, पहारेकरी तोच लोळवतो, कडाही तोच चढतो. बाकीचे पाळी आली की "मी याच्या मागे राहतो" एवढंच म्हणतात आणि मोबाइल हातात घेतात. पुढच्या शनिवारी तुम्ही त्या पात्राचं बळ दोनाने उतरवता. दोन आठवडे बरे जातात. तिसऱ्या आठवड्यात दुसरंच कुणीतरी तेच करायला लागतं.

आमच्याकडे हे चारदा झालं. गेम आम्हीच बनवलेला आहे. काळ 1660च्या आसपासचा, मुलूख पन्हाळा ते विशाळगड. माझा धाकटा भाऊ पैलवान खेळतो, कॉलेजातली मैत्रीण हेर, आतेभाऊ धनगर आणि त्याची तीन कुत्री, नवरा वैदू, जाऊबाई शाहीर आणि शेजारचा अकरावीतला मुलगा मांत्रिक. मी सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि बाकीची पात्रं चालवणारी. गुण सहा: बळ, चपळाई, दम, बुद्धी, नजर, वाचा. आधी पैलवान डोईजड झाला, त्याला आवरला तर हेर, मग धनगर, मग मांत्रिक. दर वेळी मी पात्राच्या कागदावरचे आकडे खोडत बसायचे. खूप उशिरा लक्षात आलं की मी चुकीच्या जागी हात घालत होते. त्या चुकांतून जे सापडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण घरी गेम बनवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा बिघाड भेटतोच.

आकडे खोडण्याआधी वहीत काड्या मारा

काहीही बदलण्याआधी एक पूर्ण शनिवार नुसता मोजा. मी दोनशे पानी वहीच्या शेवटच्या पानावर सहा गुणांची नावं एकाखाली एक लिहिली. ज्या गुणावर फासे टाकले त्याच्यापुढे एक काडी. त्याच्या शेजारी खेळाडूंची नावं, आणि कुणाच्या एखाद्या निर्णयामुळे प्रसंगाला वळण लागलं की त्याच्या नावापुढे एक टिंब. फासे किती मोठे पडले याच्याशी टिंबाचा संबंध नाही. कोणामुळे गोष्ट पुढे सरकली, एवढंच बघायचं.

रात्री पावणेबारा वाजता पान असं दिसत होतं: चपळाईपुढच्या काड्यांनी दोन ओळी भरलेल्या, वाचेपुढे चार. पैलवानापुढे टिंबंच टिंबं आणि जाऊबाईंपुढे एक. ते एक टिंब कशाचं होतं तेही मला आठवतं. देवडीवरच्या पहारेकऱ्याला त्यांनी डफावर थाप देत गप्पांत गुंतवला आणि बाकीचे मागून आत शिरले. त्या रात्रीचा तोच सगळ्यात छान प्रसंग होता. तीन तासांत असा प्रसंग त्यांच्या वाट्याला एकदाच आला, हे वहीत बघितल्यावर मला खरंच वाईट वाटलं. तोवर "सगळे मजेत आहेत" असंच मी धरून चालले होते.

तुमच्या पानावर टिंबं बऱ्यापैकी वाटलेली असतील, तर मारामारीत कोण किती नुकसान करतं यावरून जीव टांगणीला लावू नका. पैलवानाने मारामारीत उजवं असावंच. बिघाड तेव्हाच समजा जेव्हा मारामारीबाहेरही टिंबं त्याचीच पडतात.

फासे बदलले आणि आकडे तेच राहिले

आमचा पहिला आणि सगळ्यात मोठा घोळ हा होता. घरी बनवलेल्या गेममध्ये तो सर्रास होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

सुरुवातीला आम्ही मोबाइलवर वीस बाजूंचा फासा टाकायचो. फाशावर आलेला आकडा अधिक गुण, बेरीज 12 किंवा जास्त झाली की काम फत्ते. गुण 0 ते +6. म्हणजे गुण 0 असलेल्याला 45 टक्के संधी, +6 वाल्या पैलवानाला 75 टक्के. फरक 30 टक्क्यांचा. पैलवान बलवान आहे हे कळायचं, पण तोही चारातून एकदा आपटायचा.

पुढे मोबाइल बाजूला ठेवायचं ठरलं, म्हणून लुडोचे दोन फासे घेतले. खऱ्या फाशांचा आवाज, हातात घोळवणं, त्याची मजा वेगळीच. लक्ष्य 12 वरून 8 वर आणलं आणि गुण तसेच ठेवले. आता हिशेब बघा. दोन फाशांच्या 36 जोड्या होतात. 8 किंवा जास्त येणाऱ्या जोड्या 15, म्हणजे सुमारे 42 टक्के. गुण 0 असलेल्याचं फारसं बिघडलं नाही. पण पैलवानाला +6, आणि दोन फाशांवर कमीत कमी दोन येतातच. दोन अधिक सहा आठ. माझा भाऊ चार महिने असं पात्र खेळत होता जे हरूच शकत नव्हतं, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. "याचं नशीबच भारी" असं सगळे म्हणत राहिले.

मी काय केलं, तर लक्ष्य वाढवलं. 8चं 10. हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो आणि तोच सगळ्यात जास्त नुकसान करतो. लक्ष्य 10 झाल्यावर पैलवानाची संधी 100 वरून 92 टक्क्यांवर आली, आणि गुण 0 असलेल्या वैदूची 42 वरून 17 वर. ज्याला आवरायचं त्याला ओरखडा, आणि जे आधीच कोपऱ्यात बसले होते ते पार भुईसपाट.

मूळ गोष्ट अशी. वीसबाजू फाशावर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखी, म्हणून +1 म्हणजे कुठेही 5 टक्के. दोन फाशांची बेरीज मधे दाटते, कडेला विरळ होते. ज्यांच्या घरात सारीपाट खेळला गेलाय त्यांना हे कवड्यांवरून चटकन पटेल. सहा कवड्या उताण्या-पालथ्या सारख्याच पडतात असं धरलं, तर तीन उताण्या 64 पैकी 20 वेळा येतात आणि सहाही उताण्या एकदाच. दोन फाशांचंही तसंच. लक्ष्य 8 असताना गुण 0चा +1 केला की संधी 42 वरून 58 टक्के होते, एका उडीत जवळपास 17 टक्के. +2ला 72, +3ला 83. त्यानंतर चढ संपतो. म्हणून दोन फाशांच्या गेममध्ये −1 ते +3 एवढाच पल्ला ठेवा. −1 वाल्याला 28 टक्के मिळतात, म्हणजे त्यालाही फासे हातात घ्यावेसे वाटतात.

शिवाय हत्याराचा +1, उंचावर उभा म्हणून +1, कुणी मदत केली म्हणून +1, असे तुकडे गुपचूप जमा होतात. आमचा नियम आता असा: सगळं मिळून +4च्या वर जायचं नाही, आणि दोन्ही फाशांवर एक आला की काम फसलंच. 36मध्ये एकदाच होतं हे, पण त्या एकदाच्या भीतीने पैलवानसुद्धा फासे टाकताना श्वास रोखून धरतो.

गुण वाटताना किंमत चढती ठेवा. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोलप्लेइंग गेम आणला तेव्हा गुण तीन फाशांच्या बेरजेने ठरायचे, म्हणजे जो नशीबवान तो जन्मभर नशीबवान. आजकाल सगळ्यांना सारखे गुणांक, म्हणजे जणू खर्चायचे पैसे, देऊन त्यांतून गुण खरेदी करू देण्याची पद्धत रुळली आहे. त्याच गेमच्या 2014च्या आवृत्तीत 27 गुणांक मिळतात, आणि गुण 13 पर्यंत नेताना प्रत्येक पायरीला एक पडतो, पण 14 आणि 15 या पायऱ्यांना दोन-दोन. आमच्याकडे +1ला एक, +2ला एकूण तीन, +3ला एकूण सहा गुणांक. प्रत्येकाकडे सात. एखाद्या गुणात −1 घेतला तर एक परत, पण असं दोनदाच. मग कुणी +3 आणि +1 घेतो, कुणी +2, +2 आणि +1, कुणी दोन −1 सोसून +3 आणि +2. तिन्ही पात्रं खेळायला तितकीच छान लागतात. एक ते दहा गुण सरळ एकास एक भावाने विकले, तर शहाणा खेळाडू सगळे एकाच गुणात ओततो. त्यात त्याची चूक नाही. आपण भाव चुकीचा लावलेला असतो.

चपळाई सगळंच करते तेव्हा

पैलवान ताळ्यावर आला आणि हेर सुटली. वहीतल्या काड्यांनी कारण लगेच दाखवलं. आमच्या नियमांत बाण मारायला चपळाई, वार चुकवायला चपळाई, पहिली पाळी कोणाची हे ठरवायला चपळाई, लपायला चपळाई, दोर धरून चढायलाही चपळाई. बळाला फक्त तलवार आणि दारं. असा एक गुण बऱ्याच गेममध्ये नकळत तयार होतो. त्याची कामं काढून दुसऱ्यांना वाटा, आकड्याला हात लावू नका. आम्ही पहिली पाळी नजरेकडे दिली (ज्याने धोका आधी पाहिला तो आधी हलला), दोरावरची चढाई दमाकडे, आणि वार चुकवणं बऱ्याच अंशी ढालीकडे. हेर आजही अंधारात सगळ्यांत भारी आहे. फक्त आता कड्यावर चढताना तिला पैलवानाचा हात लागतो.

पाळ्या मोजा

आता मुद्द्याचं. हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

धनगराच्या कागदावर काहीच वावगं नव्हतं. गुण साधारण, काठीचा मार साधारण. कुत्री तर दोन फटक्यांत पडायची. तरी मारामारी झाली की आतेभाऊच खेळतोय असं वाटायचं. एका रात्री मी पाळ्या मोजल्या. आम्ही सहा खेळाडू आणि तीन कुत्री, प्रत्येकाला स्वतंत्र पाळी. एका फेरीत आमच्या बाजूच्या नऊ पाळ्या, त्यातल्या चार आतेभावाच्या. प्रत्येक कुत्रं कुठे धावतं, कोणाला धरतं, फासे, हिशेब. बाकीचे पाच जण उरलेल्या पाच पाळ्यांची वाट बघत बसलेले.

संख्येची ताकद नुसत्या बेरजेने वाढत नाही. 1916 मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने हे गणितात मांडलं. दोन्हीकडचे सगळे एकमेकांवर एकाच वेळी मारा करू शकत असतील, तर बाजूची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारख्याच ताकदीचे पाच विरुद्ध तीन लढले तर पाचातले दोन उरतील असं वाटतं. पण 25 वजा 9 म्हणजे 16, त्याचं वर्गमूळ 4. पाचातले चार उरतात. म्हणूनच जादा पाळी देणारं कोणतंही कसब, मग ते कुत्रं असो, दुसरा वार असो की बोलावलेलं भूत असो, कागदावर दिसतं त्यापेक्षा कितीतरी महाग असतं. नुकसानीच्या आकड्यांत ते दिसतच नाही.

याचीच दुसरी बाजू प्रत्येक सूत्रधाराला छळते. मोठा खलनायक उभा करावा, म्हणजे आमच्याकडे किल्लेदार, आणि सहा जणांनी त्याला दोन फेऱ्यांत आडवा करावा. सहाचा वर्ग 36. एकट्या किल्लेदाराला बरोबरीत आणायचं तर त्याला सहापट प्राण (म्हणजे किती मार सोसून उभा राहतो तो आकडा) आणि सहापट मारा द्यावा लागेल. पण सहापट मारा दिला की पहिल्याच घावात कुणाचं तरी पात्र मरतं आणि ते माणूस रात्रभर नुसतं बसून राहतं. मी दोन्ही करून पाहिलं आणि दोन्ही वेळा शनिवार वाया गेला. लागू पडलं ते असं: किल्लेदाराला आकडे न वाढवता पाळ्या द्या. दर दोन खेळाडूंच्या पाळीनंतर त्याची एक पाळी. सहा खेळाडूंमागे तीन. मारा बेताचाच ठेवा, प्राण चौपट-पाचपट. लढाई तीन-चार फेऱ्या टिकते आणि कुणीही सलग बसून राहत नाही.

आणखी एक उपाय आपल्याच इतिहासात आहे. वर्गाचा हा नियम मोकळ्या मैदानातला. चिंचोळ्या जागेत एका वेळी थोडेच समोरासमोर येऊ शकतात, मागच्यांची संख्या वाया जाते, आणि हिशेब साध्या वजाबाकीवर येतो: पाच विरुद्ध तीन, उरले दोन. जुलै 1660 मध्ये महाराज विशाळगडाकडे जात असताना बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली, ती खिंड होती म्हणूनच. तुमच्या लढायांच्या जागा नीट पाहा. सगळ्याच अंगणात आणि माळावर होत असतील, तर जादा पाळ्यावाला जिंकणारच. एखादी जिना चढताना घडवा, एखादी बुरुजाच्या अरुंद दारात, एखादी पावसात निसटत्या पायवाटेवर.

कुत्र्यांचं काय केलं? आता धनगराची पाळी एकच. ती खर्चून तो एका कुत्र्याला हुकूम देतो, किंवा स्वतः काठी चालवतो. नुसती सोबत बसलेली कुत्री त्याच्या नजरेत +1 घालतात, मग ती कितीही असोत. आतेभाऊ आधी खट्टू झाला होता, पण आता तो प्रत्येक कुत्र्याला नावाने हाक मारतो, आणि कोणत्या प्रसंगी कोणतं सोडायचं याचा विचार करतो. चार पाळ्या होत्या तेव्हा असा विचार करायची त्याला गरजच नव्हती.

वैदूची कुरकुरही पाळीतच सापडली. नवरा सारखा म्हणायचा, "मी औषध लावत बसतो आणि काहीच होत नाही." खरंच होत नव्हतं. त्याचं औषध एका फाशाएवढे प्राण भरून काढायचं, सरासरी साडेतीन. समोरच्या शिपायाचा वार लागला तर सरासरी साडेपाच जायचे. निम्म्याहून अधिक वार लागायचे, म्हणजे एकेक शिपाई पाळीला सव्वातीनच्या आसपास खायचा, आणि शिपाई पाच. वैदू समुद्रात ओंजळ ओतत होता. औषधाचा आकडा दुप्पट करून काही साधलं नाही. मग नियम केला की वैदूने हात लावला की पडलेला माणूस उभा राहतो आणि त्याच फेरीत आपली पाळी घेतो. प्राण तेवढेच, साडेतीन. पण एक पूर्ण पाळी परत मिळाली. त्या दिवसापासून सगळे वैदूकडे बघून लढतात.

"दिवसातून तीनदा"

मांत्रिकाकडे वावटळ आहे. समोरच्या सगळ्यांना एकेका फाशाचं नुकसान, चुकायचा प्रश्न नाही, दिवसातून तीनदा. ऐकायला मर्यादित वाटतं. पण आमच्या गोष्टीत एका दिवसात लढाई एकच व्हायची, तीही तीन फेऱ्यांची. मग तीनदा म्हणजे नेहमीच.

पाच शिपाई असतील तर एका वावटळीत सरासरी साडेसतरा. पैलवानाचा वार एक फासा अधिक तीन, लागण्याची संधी 83 टक्के, म्हणजे पाळीला सरासरी 5.4. तिप्पट फरक. आता समजा दोन मुक्कामांमध्ये तीन-तीन फेऱ्यांच्या चार लढाया आहेत, म्हणजे बारा पाळ्या. तीन वावटळी, आणि उरलेल्या नऊ पाळ्यांत मांत्रिक साधी काठी फिरवतो, तिची सरासरी दीडसुद्धा नाही. सगळी बेरीज 65च्या जरा वर, भागिले बारा, 5.5. पैलवानाच्या जवळपास बरोबरीत! मंत्राला काहीच झालं नव्हतं, आमचा दिवसच आखूड होता. (खरं तर मांत्रिक थोडा मागेच राहतो, कारण शिपाई पडत गेले की वावटळ रिकाम्या जागेवर फिरते.)

पण शनिवारी तीन तासांत चार लढाया कोण खेळणार? म्हणून आम्ही "दिवस" हा शब्दच काढून टाकला. मंत्र परत येतात ते सुरक्षित मुक्कामावर पोचल्यावर, आणि मुक्काम कधी येतो हे गोष्ट ठरवते. मधे दोन शनिवारही जाऊ शकतात. कागदावर तीन चौकोन काढलेत, वावटळ वापरली की एक खोडायचा. तो मुलगा शेवटचा चौकोन खोडताना जेवढा विचार करतो तेवढा परीक्षेतही करत नसेल.

वाचा, आणि बोलका खेळाडू

हा बिघाड कुठल्याच आकड्यात दिसत नाही, म्हणून तो सगळ्यात जास्त काळ टिकतो. जाऊबाईंच्या शाहिराची वाचा +3, सगळ्यांत जास्त. पण त्या स्वभावाने कमी बोलणाऱ्या. माझा भाऊ बोलायला पटाईत, आणि त्याच्या पैलवानाची वाचा −1. किल्लेदाराशी बोलणी करायची वेळ आली की भाऊ झकास भाषण ठोकायचा आणि मी भारावून "ठीक, तो मान्य करतो" म्हणून मोकळी व्हायचे. फासे पडायचेच नाहीत. जाऊबाईंनी ज्या गुणासाठी सहा गुणांक मोजले तो मी त्यांच्या डोळ्यांदेखत फुकट वाटत होते.

आता आम्ही आधी फासे टाकतो आणि मग बोलतो. काय मागायचं आणि कशाच्या बदल्यात, एवढं दोन वाक्यांत सांगायचं, फासे टाकायचे, आणि जे आलं त्याला धरून प्रसंग रंगवायचा. भावाच्या वाट्याला बहुतेकदा फसलेलं भाषण येतं आणि तो ते इतकं जीव तोडून करतो की ऐकत राहावं. जाऊबाईंना आपण जिंकलोय हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्या निर्धास्त बोलतात. गेल्या महिन्यात तर त्यांनी स्वतः चार ओळी रचून आणल्या होत्या.

दुरुस्ती करताना

एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर किमान तीन शनिवार तो तसाच ठेवायचा. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. घरी एकट्याने दहा लुटुपुटुच्या लढाया खेळून "पैलवान सहा जिंकला, म्हणजे जड आहे" असा निष्कर्षही काढू नका. अगदी बरोबरीच्या दोघांतसुद्धा दहापैकी सहा किंवा जास्त त्यातल्या ठरावीक एकाने जिंकण्याची शक्यता सुमारे 38 टक्के असते. गूगल शीट्समध्ये 1 ते 6 मधला कोणताही आकडा देणारं सूत्र दोन रकान्यांत घालून हजार ओळी खाली ओढा, पाच मिनिटांत खरं चित्र दिसतं.

आणि खेळाडूला विचारल्याशिवाय त्याच्या पात्राला हात लावू नका. मी लावला होता. खेळ चालू असतानाच भावाला म्हटलं, "आजपासून तुझं बळ +6चं +3." तो काही बोलला नाही. फासे खाली ठेवले, चहा टाकतो म्हणून उठला, आणि त्या रात्री परत सतरंजीवर आला नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "ताई, वर्षभर मी त्याला वाढवलाय. तू एका ओळीत खोडलास." त्याचं बरोबर होतं. खेळाडूसाठी तो आकडा नसतो, त्याच्या पात्राने खाल्लेल्या खस्ता असतात.

मग आम्ही दोघं हिशेबाची वही घेऊन बसलो. 36 जोड्यांचा तक्ता मी त्याला दाखवला, आणि "तू हरूच शकत नव्हतास" हे त्याने स्वतः बोटाने मोजून पाहिलं. तेव्हा तोच म्हणाला की यात मजा नाही. मी विचारलं, +3 घेतलास तर बदल्यात काय हवं? त्याने थोडा विचार करून मागितलं ते असं: अरुंद जागेत पैलवान उभा राहिला, तर तो पडेपर्यंत त्याच्या पलीकडे कुणी जाऊ शकत नाही. त्या पाळ्यांत त्याने वार करायचा नाही, फक्त उभं राहायचं.

ते कसब मी जसंच्या तसं लिहून घेतलं. नाव त्यानेच दिलं, "खिंड". पहिल्यांदा वापरलं ते बालेकिल्ल्याच्या दिंडी दरवाजात. तीन फेऱ्या तो नुसता उभा होता, प्राण एकेक करून उतरत होते, नवरा मागून औषध लावत होता. तेवढ्या वेळात हेर तटावरून खाली उतरली, धनगराने एक कुत्रं चोरवाटेने सोडलं, आणि जाऊबाईंनी कोठीत कोंडलेल्या कैद्यांना उठवून बाहेर आणलं. वहीत त्या रात्री सहाही नावांपुढे टिंबं होती.